पेज आपलं, जागा त्यांची

वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात आणि मेलमध्ये सोशल मीडियाचे प्रश्न इतके आले की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलावे लागले. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की घरगुती उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात मी नोकरीची बहुतेक वर्षं काढली आणि आता लहान व्यावसायिकांना सल्ला देते. त्यामुळे कुठल्याही धंद्याकडे माझं पाहणं तक्रारीच्या खिडकीतूनच होतं. पत्र पाठवणाऱ्यांची नावं त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न: मी आणि माझी जाऊ कापडी बॅगा शिवून विकतो. विक्री सगळी इन्स्टाग्रामवरून. एका बाईंनी बॅगेची चेन दुसऱ्याच दिवशी निघाल्याचा व्हिडिओ टाकून आम्हाला टॅग केलं. खाली कमेंटचा पाऊस पडलाय, आमचं काहीही न घेतलेले लोकसुद्धा वाट्टेल ते लिहितायत. भाचा म्हणतो, टॅग काढा, बाईंना ब्लॉक करा, चार दिवसांत लोक विसरतील. जाऊ म्हणते, त्यांनीच ओढून तोडली असणार. ताई, आम्ही काय करावं?

ब्लॉक करू नका. तो व्हिडिओ त्यांच्या खात्यावर आहे, तुम्ही टॅग काढला तरी तो तिथेच राहणार. वर "मला ब्लॉक केलं" हा दुसरा व्हिडिओ येईल आणि तो पहिल्यापेक्षा जास्त पाहिला जाईल.

आमच्या विभागात तक्रार पाकिटातून यायची. तिच्यावर आवक क्रमांकाचा शिक्का बसायचा आणि ती फाइलला लागायची. ती वाचणारे तिघेच: कारकून, मी आणि फारच झालं तर आमचे साहेब. गिऱ्हाइकाला छापील उत्तर जायचं, "आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे." त्या उत्तराने कुणाचं समाधान होत नसे, पण ते शेजारच्या घरातही कळत नसे. मोठमोठ्या कंपन्यांचा निवांतपणा या न कळण्यावर उभा होता. सोशल मीडियाने धंद्यात काय बदललं असं मला कुणी विचारलं, तर जाहिरातीच्या आधी मी हेच सांगते. तक्रार आणि तिचं उत्तर दोन्ही चारचौघांत आलं.

कॅनडातले संगीतकार डेव्ह कॅरोल यांची गोष्ट मी प्रत्येक शिबिरात सांगते. 2008 मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या प्रवासात त्यांची टेलर कंपनीची गिटार मोडली. दुरुस्तीला सुमारे 1200 डॉलर लागले. भरपाईसाठी त्यांनी बरेच महिने फोन आणि पत्रं केली. कंपनीचं उत्तर ठरलेलं होतं: 24 तासांच्या आत दावा केला नाहीत, म्हणून काही मिळणार नाही. जुलै 2009 मध्ये कॅरोल यांनी या सगळ्यावर गाणं रचून यूट्यूबवर टाकलं. पहिल्या एका दिवसात ते दीड लाखांच्या आसपास वेळा पाहिलं गेलं आणि जी कंपनी इतके महिने नकार देत होती तिने स्वतःहून फोन केला. मला यातली जी गोष्ट महत्त्वाची वाटते ती 24 तासांच्या नियमाची. तो नियम कागदावर बरोबरच असेल. पण चारचौघांत वाचल्यावर तो लोकांना पटला नाही. आता आपलं प्रत्येक उत्तर त्या नजरेने वाचून मगच पाठवायचं.

तेव्हा आजच, त्या व्हिडिओच्या खाली, सगळ्यांना दिसेल असं लिहा. मसुदा देते, तुमच्या भाषेत बदलून घ्या:

"नमस्कार. व्हिडिओ आम्ही दोघींनी पाहिला. दुसऱ्याच दिवशी चेन निघणं बरोबर नाही. बॅग परत घेऊन जायची व्यवस्था आम्ही करतो, खर्च आमचा. नवी बॅग हवी की पैसे परत, ते तुम्ही सांगा. ऑर्डरचा नंबर आणि पत्ता मात्र कृपया मेसेजमध्ये पाठवा, इथे नको."

यात "असं आजवर कधी झालं नव्हतं" हे वाक्य नाही, "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" हेही नाही. ही दोन्ही वाक्यं लोकांनी इतक्यांदा वाचली आहेत की ती दिसली की पुढचं कुणी वाचत नाही. काय बिघडलं ते मान्य, काय करणार ते स्पष्ट, निवड गिऱ्हाइकाकडे. बाकीच्या कमेंटना एकेक उत्तर देत बसू नका. ज्यांनी खरोखर तुमची बॅग घेतली आहे, त्यांनाच उत्तर द्या. शिवीगाळ असेल ती कमेंट लपवायला हरकत नाही, पण नाराजीची लपवू नका. त्या बाईंचं समाधान झाल्यावर व्हिडिओ काढून टाका असंही म्हणू नका. तुमचं उत्तर वाचून ऑर्डर देणारी माणसं त्याच व्हिडिओखाली सापडतील.

आता जाऊबाईंच्या शंकेबद्दल. ओढून तुटलीही असेल. पण आधी बॅग हातात घेऊन बघा. चेन रोलमधून कापून लावता ना? मग टोकाला आडवी शिलाई पक्की पडली आहे का, रनर सैल आहे का, ते तपासा. त्याच रोलमधून आणखी किती बॅगा गेल्या, ते ऑर्डरच्या वहीतून काढा आणि त्या गिऱ्हाइकांना स्वतःहून विचारा. आमच्याकडे एकाच भागाच्या तक्रारी एकत्र करून कारखान्यापर्यंत पोचायला एक तिमाही जायची. तुमच्यापर्यंत दुसऱ्या दिवशी आली आहे. तिचा तेवढा उपयोग करून घ्या.

प्रश्न: आमचा फर्निचरचा कारखाना आहे. मुलाने 2014 मध्ये फेसबुक पेज सुरू केलं तेव्हा काहीही टाकलं तरी चौकशीचे फोन यायचे. आता फॉलोअर पाचपट झाले तरी पोस्ट कुणाला दिसत नाही. मुलगा म्हणतो, पैसे भरल्याशिवाय दिसणारच नाही. ही लुबाडणूक नाही का?

चिडलात ते समजण्यासारखं आहे, पण मुलगा बरोबर सांगतोय.

फेसबुकने व्यवसायांसाठी पेजेस नोव्हेंबर 2007 मध्ये सुरू केली. तेव्हा पेजेस थोडी होती, लोक टाकत ते जवळजवळ सगळं पुढे जात होतं. दुकानं, कंपन्या, क्लास, दवाखाने सगळे फुकट आहे म्हणून तिथे गेले. मग गर्दी झाली. एका माणसाच्या पडद्यावर दिवसभरात मावेल त्याच्या कितीतरी पट जास्त मजकूर तयार होऊ लागला आणि काय दाखवायचं, काय नाही, याची निवड कंपनीच्या हाती गेली. 2012 मध्ये फेसबुक शेअर बाजारात आलं, त्यानंतर उत्पन्न दाखवण्याचा दबावही वाढला. 2016 मध्ये इन्स्टाग्रामने पोस्ट वेळेच्या क्रमाने दाखवणं सोडलं. जानेवारी 2018 मध्ये फेसबुकने जाहीरच केलं की आता घरच्यांच्या आणि मित्रांच्या पोस्टना प्राधान्य, पेजेसचं कमी दिसेल. तुमच्या पेजची घसरण याच काळात झाली असणार.

कंपनीच्या ताळेबंदाकडे पाहिलं की कोडं उरत नाही. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप चालवणाऱ्या मेटाचं 2023 चं उत्पन्न सुमारे 135 अब्ज डॉलर होतं, त्यातले जवळजवळ 132 अब्ज जाहिरातींचे. म्हणजे तुम्ही पेज चालवता तेव्हा त्यांच्या हिशेबात तुम्ही होऊ घातलेले जाहिरातदार असता. मी याला लुबाडणूक म्हणणार नाही, कारण करार कधी लपवलेला नव्हता. मात्र फुकटच्या काळात "इथे या, गिऱ्हाईक जोडा" असं जे सांगितलं गेलं, त्यात "जोडलेलं गिऱ्हाईक आमच्या ताब्यात राहील" हे वाक्य कुणी मोठ्याने वाचून दाखवलं नाही. याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही.

पैसे भरावेत का? भरा, पण जाहिरात म्हणून भरा आणि जाहिरातीसारखाच हिशेब ठेवा. तिथे जागेचा लिलाव होतो. ठरावीक दर नसतो, त्या वेळी त्याच लोकांसाठी आणखी कोण किती द्यायला तयार आहे त्यावर खर्च ठरतो. म्हणून सणासुदीला तीच जाहिरात महाग पडते. तुमच्या धंद्यात माणूस पलंग आज पाहतो आणि विचार करून, घरी मोजमाप घेऊन बऱ्याच दिवसांनी घेतो. तेव्हा "किती लाइक आले" हा आकडा मुलाने दाखवला तर बाजूला ठेवा. कारखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला विचारा, "आमचं कुठे पाहिलंत?" आणि ते वहीत लिहा. या साध्या वहीवर माझा मोठमोठ्या तक्त्यांपेक्षा जास्त विश्वास आहे. एप्रिल 2021 मध्ये अ‍ॅपलने आयफोनवर, दुसऱ्या अ‍ॅपना माग काढू द्यायचा की नाही, हे वापरणाऱ्यालाच विचारायला सुरुवात केली आणि पुष्कळांनी नाही म्हटलं. त्यामुळे 2022 या एका वर्षात सुमारे 10 अब्ज डॉलरचा फटका बसेल असा अंदाज मेटानेच दिला होता. जाहिरात पाहून कोण खरेदीला आलं, हे त्यांनाही पूर्वीइतकं कळत नाही. तुम्ही तोंडाने विचारलंत तर कळतं.

आणि खरेदी झाली की गिऱ्हाइकाचा फोन नंबर आणि काय घेतलं, हे त्याच्या परवानगीने स्वतःच्या वहीत नोंदवा. पलंग घेणाऱ्याला पुढेमागे कपाट लागतं. त्याला सांगायला जाहिरातीचा लिलाव कशाला?

प्रश्न: अमुक पैशांत दहा हजार फॉलोअर मिळतील असा मेसेज येतो. निदान सुरुवातीला दिसायला बरं म्हणून घ्यावेत का?

नाही. पोस्ट टाकली की ती आधी थोड्या लोकांना दाखवून त्यांचा प्रतिसाद पाहिला जातो, बरा असेल तर ती पुढे सरकते. विकत घेतलेली खाती बघत नाहीत, विचारत नाहीत, घेत नाहीत. म्हणजे पैसे देऊन तुम्ही स्वतःच्याच पोस्टचा गळा दाबता. शिवाय हे आता नुसतं अशोभनीय राहिलेलं नाही. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2024 मध्ये नियम करून खोट्या परीक्षणांवर आणि धंद्यासाठी खोटे फॉलोअर विकण्या-विकत घेण्यावर बंदी घातली.

प्रश्न: मी एका कपड्यांच्या ब्रँडची सोशल मीडिया खाती सांभाळते. नोकरी सकाळी दहा ते सहा, पण मेसेज रात्री साडेअकरालाही येतात आणि सर म्हणतात, "लगेच उत्तर गेलंच पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं." माल उशिरा गेला तर शिव्या मला खाव्या लागतात, पण गोदामात फोन करायचा अधिकार मला नाही. मी कमी पडते का?

तुम्ही कमी पडत नाही. तुमचं काम काय आहे हे तुमच्या सरांनी नीट पाहिलेलं नाही, म्हणून हे उत्तर मी त्यांच्यासाठीही लिहितेय. हा अंक त्यांच्या टेबलावर ठेवा.

ही घाई आली कुठून ते आधी सांगते. फेसबुकने पेजना "मेसेजला तत्पर उत्तर" असा हिरवा बिल्ला द्यायला सुरुवात केली. त्यासाठी 90 टक्के मेसेजना सरासरी 15 मिनिटांत उत्तर जायला हवं अशी अट होती. बिल्ल्याने गिऱ्हाइकाला सवय लावली आणि मालकांना धास्ती. पण 15 मिनिटांत काय उत्तर जातं? "आपली समस्या संबंधित विभागाकडे पाठवली आहे." आमच्या छापील पत्राचीच ही नवी आवृत्ती, फक्त लवकर पोचते.

खरं उत्तर द्यायला माहिती आणि अधिकार लागतो. एप्रिल 2010 मध्ये आइसलँडमधल्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपचं आकाश बंद झालं, विमानं जमिनीवर, प्रवासी जगभर अडकलेले. केएलएम या डच विमान कंपनीचे फोन लागेनात, तेव्हा लोक फेसबुक आणि ट्विटरवर विचारू लागले. कंपनीने वेगवेगळ्या कामांवरची माणसं तिथे उत्तरं द्यायला बसवली. त्यांच्याकडे उड्डाणांची माहिती होती, प्रवाशाचं तिकीट बदलायची सोय होती. त्यातूनच पुढे त्यांची चोवीस तासांची सोशल मीडिया सेवा उभी राहिली. आता त्यातलं चोवीस तास एवढंच उचलायचं आणि ते एकटीच्या अंगावर टाकायचं, हे चालणार नाही. चोवीस तास हवे असतील तर पाळ्या लावाव्या लागतात, त्यांचा पगार द्यावा लागतो.

सर, तुमच्या ब्रँडचा गल्ला आता या मुलीच्या हातातल्या फोनवर आहे. तिला तीन गोष्टी द्या. गोदामात थेट विचारायचा अधिकार. ठरावीक रकमेपर्यंत परतावा किंवा बदली माल, तुम्हाला न विचारता मंजूर करायची मुभा. आणि संध्याकाळी सहानंतर फोन बंद ठेवायचा हक्क. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये कामाची वेळ संपल्यावर आपोआप जाणारा संदेश लावता येतो. त्यात "लवकरच संपर्क करू" असं गुळमुळीत लिहू नका, "उद्या सकाळी अकरापर्यंत उत्तर देऊ" असं लिहा आणि अकराच्या आत द्या. गिऱ्हाईक सकाळपर्यंत थांबतं. त्याला थांबवता येत नाही ते वेळ न सांगता ताटकळत ठेवल्यावर.

शिवीगाळीबद्दल: मालाबद्दल कितीही तिखट लिहिलं तरी उत्तर द्यायचं. तुमच्यावर व्यक्तिशः घाणेरडं लिहिलं तर एकदा समज, मग ब्लॉक, आणि स्क्रीनशॉट कार्यालयाच्या फाइलला. हा नियम सरांच्या सहीने लेखी करून घ्या, म्हणजे रोज नव्याने वाद घालावा लागणार नाही.

प्रश्न: मी हाताने घडवलेले दागिने विकते. पन्नास हजार फॉलोअर असलेल्या एका मुलीने "एक सेट फुकट द्या, मी रील करते" असं कळवलं आहे. करावं का?

पन्नास हजार हा आकडा बाजूला ठेवून तिच्या मागच्या पंधरा-वीस पोस्टच्या कमेंट वाचा. "खूप सुंदर" आणि नुसत्या बदामांची रांग असेल तर सोडून द्या. "हे कुठून घेतलंस?", "वजन किती आहे?", "मी मागवलं, छान आहे" असं कुणी लिहीत असेल, तर तिचं म्हणणं तिचे लोक खरेदीपर्यंत नेतात. पाच हजार फॉलोअरवाली अशी मुलगी तुम्हाला जास्त उपयोगी पडेल.

द्यायचं ठरलं तर आधी लेखी ठरवा: किती रील, कधीपर्यंत, ते रील तुम्ही तुमच्या पानावर वापरू शकता का. सेट आवडला नाही तर तिने खोटं कौतुक करायचं नाही, परत पाठवायचा, हेही. आणि सेट भेट मिळाला आहे हे रीलमध्येच तिने स्पष्ट सांगितलं पाहिजे. भारत, अमेरिका, ब्रिटन अशा अनेक देशांत मोबदला, मग तो वस्तूच्या रूपात का असेना, जाहीर करणं बंधनकारक आहे. मला विचाराल तर नियम नसता तरी सांगायला हवं होतं. बघणाऱ्यांनी तिच्यावर टाकलेल्या विश्वासावरच तुमची विक्री होणार आहे.

2017 मध्ये बहामा बेटांवरच्या फायर फेस्टिव्हल या संगीत महोत्सवाची तिकिटं अशाच पोस्टवर विकली गेली. नामवंत मॉडेल्सनी एकाच वेळी आपल्या खात्यांवर नारिंगी चौकोन टाकला होता. लोक पोचले तेव्हा आलिशान निवासाच्या जागी तंबू होते आणि महोत्सव झालाच नाही. आयोजकाला पुढे फसवणुकीबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. तुमचे दागिने खरे आहेत, म्हणून तुम्हाला त्या टोकाची भीती नाही. पण पोस्ट किती देखणी आहे यावरून मागे काय आहे ते कळत नाही, हे गिऱ्हाईक तेव्हापासून धरूनच चालतं. कारागिराच्या हाताजवळ फोन धरून, सोल्डरिंग होताना, पॉलिशच्या आधीचा काळवंडलेला तुकडा दिसेल असा साधा व्हिडिओ तुम्ही स्वतः केलात, तर तो कुणालाही सेट फुकट न देता चालेल असं मला वाटतं.

प्रश्न: आम्ही लाकडी खेळणी बनवतो. कमेंटमध्ये लोक सतत सुचवतात: हा रंग बदला, असं बनवा, तसं बनवा. किती ऐकायचं?

ऐका सगळं, लिहून ठेवा, आणि कोण म्हणतंय ते पाहा. ऑक्टोबर 2010 मध्ये गॅप या कपड्यांच्या कंपनीने नवं बोधचिन्ह आणलं, इंटरनेटवर गदारोळ उठला आणि आठवड्याभरात जुनं परत आलं. ओरडणाऱ्यांतले किती जण तिथे कपडे घेत होते, हे त्या गदारोळात कुणी मोजलं नसणार.

लेगोची पद्धत मला पटते. त्यांच्या आयडियाज या संकेतस्थळावर कुणीही नमुना मांडतो, 10,000 जणांचा पाठिंबा मिळाला की कंपनी त्याचा विचार करते, अंतिम निर्णय कंपनीचाच आणि तो संच बाजारात आला तर निव्वळ विक्रीचा एक टक्का मूळ कल्पना मांडणाऱ्याला. यातला शेवटचा भाग लहान धंद्यांनीही उचलावा. कुणाच्या सूचनेवरून खेळणं काढलंत तर त्याचं नाव सांगा आणि पहिला नग त्याला पाठवा. रंगाबद्दल मात्र पहिली चौकशी ज्यांच्या घरी ती खेळणी आहेत त्यांच्याकडे करा. मूल ते तोंडात घालतं का, रंग निघतो का, हे त्यांनाच माहीत असतं.

प्रश्न: आमचं इन्स्टाग्राम खातं एका सकाळी बंद झालं. कारण कळलं नाही, अपील केलं, उत्तर नाही. चार वर्षांची गिऱ्हाइकं, फोटो, चालू ऑर्डरी सगळं त्यात. परत मिळवायचा काही मार्ग?

अपील पुन्हा करा, आणि ते त्यांच्या अधिकृत मदत पानावरूनच. "खातं परत मिळवून देतो" म्हणणारे लोक आता तुम्हाला शोधत येतील, त्यांना पैसे आणि पासवर्ड देऊ नका. मिळेलच असं मी सांगू शकत नाही. चालू ऑर्डरींपासून सुरुवात करा: बँकेचं किंवा यूपीआयचं खातं काढून कुणाचे पैसे आलेत ते पाहा, कुरिअरच्या पावत्यांवर पत्ते आणि नंबर सापडतील. एकेकाला फोन करा. ज्यांचे पैसे तुमच्याकडे आहेत त्यांना गायब झाल्यासारखं वाटू देऊ नका, बाकी सगळं नंतर.

इतर वाचकांसाठी हे जरा विस्ताराने लिहिते. आपण पेजला "आमचं" म्हणतो, पण ती जागा त्यांची असते. ऑर्कुट हे फेसबुकसारखंच संकेतस्थळ सप्टेंबर 2014 मध्ये बंद झालं. सहा सेकंदांच्या व्हिडिओंचं वाइन 2013 मध्ये आलं, त्यावर लोकांची पोटं भरू लागली आणि 2016 मध्ये ते गुंडाळत असल्याचं मालक कंपनीने जाहीर केलं. 4 ऑक्टोबर 2021 ला तर कुणाचंही काही न चुकता फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप जगभर सुमारे सहा तास बंद होतं. कंपनीच्याच यंत्रणेत बदल करताना बिघाड झाला होता. ज्यांचा सगळा धंदा तिथे होता, त्यांना गिऱ्हाइकाला "आमचं चालू आहे" एवढं सांगायलाही दुसरी वाट नव्हती.

म्हणून आज संध्याकाळी बसा आणि एवढं करा. खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड विचारणारी सोय, लावा आणि बॅकअप कोड कागदावर लिहून कपाटात ठेवा. खातं ज्या नंबरवर आणि ज्या मेलवर आहे ते दोन्ही मालकाच्या नावावर आहेत का पाहा. नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या नंबरवर धंद्याचं खातं असलेली उदाहरणं माझ्याकडे सतत येतात. घरातलं दुसरं विश्वासाचं माणूस अ‍ॅडमिन करा. मालाचे मूळ फोटो संगणकात ठेवा. गिऱ्हाइकांची यादी आठवड्यातून एकदा स्वतःच्या वहीत किंवा एक्सेलमध्ये उतरवा. स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, घेऊन एक पान केलंत, त्यावर फोन आणि पत्ता असला तरी पुरे. आणि त्या यादीतल्या सगळ्यांना उठसूट व्हॉट्सअ‍ॅप पाठवत सुटू नका. न मागता आलेल्या मेसेजची लोक तक्रार करतात आणि पुरेशा तक्रारी झाल्या की नंबरच बंद होतो.

प्रश्न: मी घड्याळं दुरुस्त करतो, वय 61. कुठेही खातं नाही, तोंडी शिफारशीवर पुढच्या दोन महिन्यांचं काम हातात आहे. मुलं म्हणतात, बाबा, तुम्ही मागे पडलात. खरंच गरज आहे का?

खातं उघडायची गरज मला दिसत नाही. दोन महिन्यांचं काम हातात असताना आणखी लोकांना बोलावलंत तर तुम्ही त्यांना चार महिने थांबवाल, आणि थांबलेली माणसं तक्रार लिहितात.

पण तुम्ही तिथे नाही असं समजू नका. मुलाच्या फोनवर तुमच्या दुकानाचं नाव टाकून शोधा. कुणीतरी गूगलच्या नकाशावर तुमचं दुकान आधीच टाकलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. कदाचित फोन जुना, वेळ चुकीची, आणि खाली दोन-चार जणांनी काही लिहिलेलंही असेल. नवं गिऱ्हाईक शिफारस ऐकून निघतं, पण निघण्याआधी तिथे नजर टाकतं. मायकेल लुका या अभ्यासकाने 2011 मध्ये येल्प या, लोक तारे देऊन मत नोंदवतात त्या संकेतस्थळावरची मतं आणि खाण्याच्या हॉटेलांची विक्री ताडून पाहिली, तेव्हा एक तारा वाढला तर उत्पन्न 5 ते 9 टक्के वाढतं असं दिसलं. हा परिणाम स्वतंत्र हॉटेलांत होता, मोठ्या साखळ्यांमध्ये नव्हता. ज्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे त्याच्याबद्दल कुणी विचारत नाही, एकट्या माणसाच्या दुकानाबद्दल विचारतं.

त्या नोंदीची मालकी मागून घेता येते, पैसे पडत नाहीत, मुलगा अर्ध्या तासात करून देईल. नंबर आणि वेळ दुरुस्त करा. "सध्या दोन महिने लागतात" हे तिथेच लिहा. कुणी नाराजीचं लिहिलं असेल तर कुठलं घड्याळ होतं ते आठवून दोन ओळींचं उत्तर तुम्ही सांगा, मुलाला टंकू द्या. सुट्टीवर जाल तेव्हा तेवढी वेळ बदलायला विसरू नका.